कानांचे फर्मे

द्रौपदी गेली तेव्हा बबन मास्टर रडला नाही. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत माणसं मावत नव्हती. बायका त्याच्याकडे बघून पदर डोळ्यांना लावत होत्या, आणि हा भिंतीला टेकून समोर बसलेल्या पाहुण्याच्या शर्टाची कॉलर बघत होता. कॉलरचं डावं टोक उजव्यापेक्षा दोन दोरे लांब होतं. तेवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील म्हणून घेतलं, तेव्हाही तो सगळ्यांच्या मागोमाग म्हणत गेला. आवाज कुठे अडकला नाही. त्याची चुलतबहीण बाहेर ओट्यावर जाऊन म्हणाली, "दगड झालाय गं हा." जरा मोठ्यानेच म्हणाली. त्याला ऐकू गेलं, आणि ते खरंच असावं असं वाटलं.

सहाव्या दिवशी तो कामावर हजर झाला. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये हरेश शेठचा शाळेचे युनिफॉर्म शिवायचा कारखाना होता. पंचवीस मशिनं शिवायची, आणि बबन त्यांच्यासाठी फर्मे काढायचा. फर्मा म्हणजे खाकी कागदाचा साचा. कॉलरचा वेगळा, बाहीचा वेगळा, खिशाचा वेगळा. कापडाच्या थरावर फर्मा ठेवायचा, कडेने खडू फिरवायचा आणि कात्री घालायची. बटण कुठे येणार तिथे कागदाला बारीक भोक पाडायचं. चौतीस वर्षं हेच काम. त्याला मन लागत नाही, हात लागतात, आणि हात शाबूत होते.

"मास्टर, चार दिन और रुक जाते," हरेश शेठ म्हणाला.

"घरी काय करू शेठ?"

शेठने चहा मागवला.

जूनमध्ये शाळा उघडायच्या वेळी मालाची घाई होती. एका संध्याकाळी बदलापूरच्या दुकानात माल उतरवायला टेम्पो निघाला, तसा बबनही त्यातच बसला, कारण घर त्याच वाटेवर होतं. टेम्पोवाला सदू सदा तोंड चालवणारा माणूस. चिखलोलीला नव्या इमारतींच्या समोर त्याने तंबाखूसाठी गाडी थांबवली, पाच मिनिटं म्हणून वीस मिनिटं लावली. मागचं फाळकं उघडंच होतं. बदलापूरला माल उतरवताना गठ्ठ्यांच्या मधून एक पिल्लू निघालं. काळं-तपकिरी, पोट फुगलेलं, आणि दोन्ही कान पुढे लोंबत डोळ्यांवर आलेले.

"आयला, फुकटचा पॅसेंजर!" सदू म्हणाला. "मास्टर, हा तुमच्या पँटींवर मुतलाय बघा. पहिलीच्या पोरांच्या."

"कुणाचं असेल?"

"कुणाचं असतं? गटाराचं. कान बघा की, गावठी. सोडा इथंच."

बबनने सोडलं. ते चार पावलं गेलं, बसलं, परत आलं आणि त्याच्या चपलेवर हनुवटी ठेवून झोपलं. बबन बराच वेळ पाय न हलवता उभा राहिला. दया आली असं म्हणता येणार नाही. पाय ओढून घ्यायचं त्याला सुचलं नाही, एवढंच.

घरी सून संध्याने कपाळाला हात लावला. "बाबा, दोन खोल्या, त्यात हा! मिलिंद काय म्हणतील?"

मिलिंद, बबनचा मुलगा, रात्रपाळीहून सकाळी आला. पिल्लाकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि म्हणाला, "राहू दे." आई गेल्यापासूनच्या चार महिन्यांत बापाने घरात आणलेली ती पहिलीच वस्तू होती.

पिल्लू पहाटे साडेपाचला उठायचं आणि बबनचं बोट चावायचं. म्हणून बबन उठायचा. बाहेर न्यायचा, आणायचा, अंघोळ करायचा, कामाला जायचा. रविवारी मात्र वेळ कसा घालवावा कळायचं नाही. पूर्वी रविवारी तो आणि द्रौपदी समोरासमोर बसून घरच्या कामाला लागायचे. तो कापायचा, ती काज-बटण करायची. पिल्लू आल्यावरच्या पहिल्याच रविवारी त्याने सवयीने खाकी कागद पसरला आणि कापायला काही नाही हे त्याच्या लक्षात आलं. पिल्लू कागदावर येऊन झोपलं. त्याचा कान कागदावर पसरला. बबनने खिशातली पेन्सिल काढली आणि कडेने फिरवली. जिथे कान मुडपत होता तिथे, कॉलरची घडी दाखवतात तशी, तुटक रेघ मारली. डावा कान उजव्यापेक्षा बोटभर वर मुडपत होता. आणि त्या कानाच्या आत, उलटून बघितलं तरच दिसेल असा, उडदाएवढा काळा डाग होता. तिथे बटणाच्या खुणेसारखं भोक पाडलं. कापून झाल्यावर त्याने कागदावर तारीख घातली.

पुढच्या रविवारी तोच फर्मा कानावर ठेवला तर कान कागदाबाहेर आला होता. मग दुसरा कापला.

असं सुरू झालं. पंधरा दिवसांत कानांची बुडं जाड झाली. नुसत्या कापडाला ताठ राहावं म्हणून आतून बक्रम लावावा तशी. कान डोळ्यांवरून सरकून बाजूला गेले, विमानाच्या पंखांसारखे आडवे झाले. एका सकाळी संध्या चहा गाळता गाळता हसत सुटली. पिल्लाचा उजवा कान उभा होता आणि डावा पडलेला.

"बाबा, बघा बघा! अर्धा पोलीस!"

दोन दिवसांनी डावा उभा राहिला आणि उजवा पडला. मग दोन्ही पडले. संध्याला वाटलं, कुणीतरी मारलं. बबनला खोलीच्या कोपऱ्यात तांदळाएवढा दात सापडला. दात पडत असताना कान खाली येतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण नवे दात आले आणि कान परत चढायला लागले, तेव्हा त्याने ते आपल्यापुरतं ठरवून टाकलं. तीन आठवडे ते कान डोक्याच्या मधोमध एकमेकांकडे झुकून टेकले होते, जणू काही कुजबुजत आहेत. त्या रविवारचा फर्मा तर कशाचाच वाटेना. कारखान्यात तो पिशवीतून बाहेर पडला, तेव्हा हरेश शेठने उचलून उजेडात धरला.

"अरे साईं, ये क्या है? कॉलर है कि समोसा?"

"कान आहे शेठ. कुत्र्याचा."

शेठने कागद हळूच परत ठेवला. मास्टरचं डोकं फिरलंय की काय, हे तो नंतर सदूला विचारत होता.

बबनला फिरल्यासारखं वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं, हीच तर अडचण होती. द्रौपदीचं लुगडं दोरीवर होतं तिथेच होतं. तिचा चष्मा खिडकीत होता तिथेच. तो स्वतः सकाळी जसा उठायचा तसाच झोपायचा. त्या घरात आठवड्याआठवड्याला बदलत होते ते फक्त हे दोन कान. ते बघायला म्हणून तो रविवारपर्यंत पोचायचा. कुत्रा गेला तर कुठपर्यंत पोचायचं, हे त्याला माहीत नव्हतं.

सप्टेंबर संपता संपता दोन्ही कान ताठ उभे राहिले. टोकदार, आतून गुलाबी, वाऱ्याकडे वळणारे. गल्लीतली माणसं थांबून बघायला लागली. सदू टेम्पोतून उतरला आणि म्हणाला, "ह्याच्या मायला! हा तर अल्सेशियन हो मास्टर! आणि मी गटाराचा म्हणालो!" मग लगेच, "पंधरा-वीस हजाराला जाईल. विचारू का कुणाला?"

"नको."

"अहो, गंमत केली."

ऑक्टोबरच्या शेवटी मिलिंदच्या आग्रहावरून बबन कुत्र्याला रेबीजचं इंजेक्शन द्यायला अंबरनाथला एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. बाकावर सहा जण आधीच बसले होते. कंपाउंडर गुरुदत्त वजन लिहून घेत होता. त्याच्या डोक्याच्या बरोबर वर भिंतीवर एक कागद चिकटवला होता. प्लास्टिकमध्ये घातलेला, कडा नव्या, म्हणजे अलीकडेच बदललेला. हरवले आहे. त्याखाली फोटो.

बबनने आधी अक्षरं वाचली नाहीत. आधी त्याने कान बघितले. दोन्ही पुढे पडलेले, डावा बोटभर वर मुडपलेला. पेन्सिलीने स्वतः मारलेली तुटक रेघ माणूस विसरत नाही. मग त्याने सावकाश वाचलं. चिखलोली. चौदा जून, संध्याकाळ. जर्मन शेफर्ड (अल्सेशियन), वय अडीच महिने, नाव मोमो. अंघोळीसाठी पट्टा काढला होता. खाली फोन नंबर आणि प्राची असं नाव.

"मस्त आहे हां काका," गुरुदत्त कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवत म्हणाला. "कान काय पर्फेक्ट आलेत! नाव काय लिहू?"

"हे पोस्टर कधीचं आहे?"

"ते? ती मॅडम दर महिन्याला येऊन नवं लावते. चार महिने होऊन गेले. आता काय सापडतंय! नाव सांगा ना."

गुरुदत्त पोस्टरच्या खाली उभा होता, आणि त्याचा हात त्याच कुत्र्याच्या डोक्यावर होता. बबन म्हणाला, "नाव नाही ठेवलं."

घरी येऊन त्याने संध्याला सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली.

"फोटोत कान कसे आहेत?"

"पडलेले."

"आणि ह्याचे?"

बबनने खाली बघितलं. कुत्रा त्याच्या मांडीला टेकून बसला होता, कान संध्याच्या आवाजाकडे.

"मग कोण म्हणणार हा तोच? बाबा, तुम्ही नंबर लिहून आणलाय का?"

"पाठ झाला."

तीन दिवस तो नंबर त्याच्या डोक्यात वाजत राहिला. त्याने दोनदा कॉलर चुकीची कापली. हरेश शेठने त्या हळूच बाजूला सारल्या. चौथ्या दिवशी संध्याच म्हणाली, "जाऊन दाखवून या. कान बघून नाहीच म्हणतील ते. तुम्ही नेलं, त्यांनी बघितलं, संपलं. मग कुत्रा आपला, कुणाचं काही लागत नाही."

बबनला ते पटलं. त्याने फोन केला, येतो म्हणाला. निघताना पिशवी घेतली. माल दाखवायला जाताना सोबत फर्मे न्यायचे, ही जुनी सवय. त्याने ते पिशवीत टाकले तेव्हा तो कसलाही विचार करत नव्हता.

सातव्या मजल्यावर दार उघडलं ते तिशीतल्या बाईने. तीच प्राची. तिने कुत्र्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही आलं होतं ते तिथल्या तिथे विझलं.

"नाही हो काका," ती म्हणाली. "हा नाही."

"बरं," बबन म्हणाला.

"या ना, पाणी तरी घ्या. सॉरी, एवढ्या लांबून आलात. लोक काय काय घेऊन येतात. एकाने लॅब्राडोर आणला, म्हातारा, पांढऱ्या मिशांचा. म्हणे कान पडलेत ना, बघा!" ती हसली, पण हसू वरवरचंच होतं. "आमच्या मोमोचे कान पडलेले होते. असे. अगदी डोळ्यासमोर आहेत माझ्या."

तिने फोन पुढे धरला. तोच फोटो.

आतल्या दारात एक म्हातारी बाई उभी होती, पांढरी साडी, हातात ताट पुसायचं फडकं. प्राची तिच्याकडे न बघता म्हणाली, "सासूबाई आहेत माझ्या. माई." आणि मग, जरा थांबून, "दार त्यांच्याकडून उघडं राहिलं त्या दिवशी."

माईंनी फडक्याची घडी घातली. हे वाक्य त्यांनी खूपदा ऐकलं असावं.

कुत्र्याने खोली हुंगली, सोफ्याचा पाय हुंगला, आणि परत येऊन बबनच्या पायाशी बसला. ओळखीची कसलीच खूण त्याने दिली नाही. बबन पाणी प्यायला. पेला खाली ठेवला. काम झालं होतं. संध्या म्हणाली होती तसंच, कुणाचं काही लागत नव्हतं. तो उठला, कुत्रा उठला.

माई दारापर्यंत आल्या. त्यांनी कुत्र्याकडे नाही, बबनकडे बघितलं.

"तुम्हाला कधी सापडला हो हा?"

"जूनमध्ये."

"तेव्हा कान खाली होते का?"

प्राची मागून म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना त्यांना."

बबन उंबऱ्यावर उभा होता. लिफ्ट समोरच होती. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द खोटा आहे हे कुणालाही कळलं नसतं. त्याने माईंच्या हातातल्या फडक्याकडे बघितलं. त्यांनी त्याची घडी घातली होती, उलगडली होती, पुन्हा घातली होती.

"होते," तो म्हणाला. "कान तसेच राहत नाहीत, माई."

मग तो परत आत आला, खाली फरशीवर बसला आणि पिशवीतून फर्मे काढून एकापुढे एक मांडत गेला. पहिला जूनचा, मुडपलेला. मग बुडाशी जाडावलेला. मग आडवा. मग एक उभा एक पडलेला, अशी जोडी. मग दात पडतानाचे. मग ते एकमेकांना टेकलेले, शेठच्या समोशाचे. आणि शेवटी दोन उभे, टोकदार. ओळ सोफ्यापासून टीव्हीपर्यंत गेली. प्रत्येकावर तारीख होती. तो बोलत होता ते एखाद्या नव्या कारागिराला काम समजावून सांगावं त्या आवाजात. सदूचा टेम्पो कुठे थांबला, फाळकं कसं उघडं होतं, सगळं.

प्राची वाकून बघत होती. तिचा चेहरा अजून नाहीच म्हणत होता. फोटो आणि पहिला कागद तिने शेजारी धरले, पुन्हा दूर केले.

"हे भोक कसलं?" तिने विचारलं. "सगळ्यांवर आहे. डाव्यावर."

"डाग आहे तिथे. आतल्या बाजूने. बटणाची खूण करतो तशी केली."

तिने कागद खाली ठेवला. मग गुडघ्यांवर सरकत कुत्र्यासमोर आली. डाग समोरच होता, उभ्या कानात, दारातून आल्यापासून सगळ्यांना दिसेल असा. तिला तो कान उलटूनच बघायची सवय होती. कापूस घेऊन, अंघोळीनंतर.

"माई," ती म्हणाली. "माई, अहो, हा आहे."

माईंनी फडकं तोंडाशी धरलं आणि खाली बसल्या, फर्म्यांवरच. दोन कागद चुरगळले. प्राचीने कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसलं होतं आणि एका हाताने तिने सासूचं मनगट धरलं होतं. कुत्र्याने बबनकडे बघितलं. बबनने दुसरीकडे बघितलं.

बऱ्याच वेळाने प्राचीने पैशांचं काही काढलं. बबनने मान हलवली. "काका, मग निदान सांगा, तुम्ही ह्याला काय हाक मारायचात? एकदम मोमो म्हटलं तर कळणार नाही त्याला."

"हाक नाही मारली."

"म्हणजे?"

"मी उठलो की उठायचा."

माई म्हणाल्या, "रविवारी येत जा. बघायला. अजून बदलतील का हो कान?"

"नाही. मागचे तीन फर्मे सारखेच आहेत. झालं त्यांचं." कागद गोळा करायला तो वाकला, आणि मग राहू दिले. "येईन," तो म्हणाला. येणार की नाही, हे त्याला माहीत नव्हतं.

दार लागलं. आतून कुत्रा दोनदा भुंकला. लिफ्ट आली नाही, का त्याने बटणच दाबलं नव्हतं, कोण जाणे; तो जिन्याने सात मजले उतरला. खाली वॉचमनने काही विचारलं, त्याला त्याने हात केला. रिक्षावाले अंबरनाथ-बदलापूर ओरडत होते. तो त्यांच्या बाजूने चालत गेला. चिखलोलीच्या उतारावर, नव्या इमारतीच्या पत्र्याच्या कुंपणापाशी, त्याला उजव्या पायात काहीतरी जाणवलं. त्याने चप्पल काढून बघितलं. करंगळी सोलून निघाली होती. रक्त वाळून पट्ट्याला चिकटलं होतं, म्हणजे हे सकाळपासूनचं, कदाचित कालपासूनचं.

तो फुटपाथच्या कडेला बसला. पाय हातात धरला. दुखत होतं. चांगलंच दुखत होतं, पार घोट्यापर्यंत. शेजारून जाणाऱ्या भाजीवालीने विचारलं, "काय झालं बाबा?"

"लागलंय," बबन म्हणाला, आणि ते एवढं सांगताना त्याचा आवाज अडकला.